२ फेब्रुवारी १८७५ : लॅव्हेल यांना कोलारचा खाणपट्टा

न्यूझीलंडमधील माओरी युद्धात लढून बंगळुरूच्या छावणीत राहायला आलेले आयरिश सैनिक मायकेल फिट्झगेराल्ड लॅव्हेल यांना म्हैसूर सरकारने आजच्या दिवशी कोलारमध्ये खाणकामासाठी २० वर्षांचा पट्टा दिला. लेफ्टनंट जॉन वॉरन यांचा कोलारच्या सोन्यावरचा १८०४ चा लेख त्यांच्या वाचनात आला होता. भांडवल मात्र तुटपुंजे; खाणींची खरी भरभराट पुढे जॉन टेलर कंपनीच्या हाती झाली.

बंगळुरूत लॅव्हेल रोडचे नाव रोज घेतले जाते. या धाडसी माणसाचे घरदार, नातीगोती यांचाही नीट शोध कुणीतरी घ्यायलाच हवा. त्या काळी हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपीय कुटुंबांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या चर्च-नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत.