लखनवी विनोदाचा उगम
इंग्रजांनी १८५६ साली अवध खालसा केले आणि पुढच्याच वर्षी उठावात लखनौ होरपळले. या पराभवानंतर वीस वर्षांनी, १८७७ मध्ये, मुन्शी सज्जाद हुसैन यांनी तेथे ‘अवध पंच’ हे उर्दू विनोदी साप्ताहिक काढले. साचा लंडनच्या ‘पंच’चा, परंतु त्यातून खिल्ली उडाली ती इंग्रज सरकारची आणि साहेबी वळणाच्या एतद्देशीयांची. रतननाथ सरशारांनी ‘फसाना-ए-आझाद’मध्ये बढाईखोर, अफूबाज खोजी उभा करून मावळत्या नवाबीलाच हास्याचा विषय केले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त प्रहार आहे तो रूढींवर, लखनौच्या विनोदात थट्टेबरोबर हळहळही आहे. ज्या शहराला हे लेखक हसले, त्याची बोली आणि मिजास त्यांच्याच लेखनात टिकून राहिली.