भाड्याच्या घरातील ओल : रंगाआधी कारण शोधा

मुंबई, ठाणे आणि कोकण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. अशा हवामानात भिंतींना ओल येण्यात नवल नाही. मात्र राहत्या घरातील ओल आणि भाड्याने दिलेल्या किंवा गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या सदनिकेतील ओल यांत मोठा फरक असतो. राहत्या घरात पहिला डाग दिसताच धावपळ सुरू होते. भाड्याच्या घरात मालक दूर राहतो, भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीवर पैसे घालायचे नसतात, वरच्या मजल्यावरचा शेजारी गळती मान्य करीत नाही आणि सोसायटी ‘हा आतला प्रश्न’ म्हणून हात झटकते. पाणी मात्र झिरपत राहते आणि अकरा महिन्यांचा करार संपताना सारा वाद अनामत रकमेवर येऊन थांबतो.

हा प्रश्न केवळ भिंतीच्या शोभेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि दमा यांचा धोका वाढतो, असे त्यांत नमूद आहे. दुसरीकडे, स्लॅबमध्ये मुरलेल्या पाण्याने लोखंडी सळया गंजतात, गंजताना फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे खाली पडू लागतात. भाडेकरूच्या आरोग्याचे नुकसान आणि मालकाच्या मालमत्तेचे नुकसान एकाच डागापासून सुरू होते.

ओल येण्याच्या चार वाटा

पहिली वाट बाहेरची. बाह्य भिंतींच्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी आणि गच्चीच्या कोब्याला गेलेले तडे यांतून पावसाचे पाणी आत येते. ही ओल पावसाबरोबर वाढते आणि दिवाळीपर्यंत बहुधा वाळते.

दुसरी वाट वरच्या मजल्यावरील न्हाणीघर, स्वयंपाकघरातील मोरी किंवा भिंतीत दडवलेल्या नळाची. हिचा पावसाशी संबंध नसतो. मे महिन्यातही डाग ओला राहिला, तर संशय प्रथम येथे घ्यावा.

तिसरी वाट जमिनीची. तळमजल्यावरील भिंती पायातील पाणी वर शोषून घेतात. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत गिलावा भुसभुशीत होऊन पांढरा लोणा दिसला, तर कारण बहुधा हेच असते.

चौथी वाट खुद्द हवेची. बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, धुराड्याविना चाललेला स्वयंपाक आणि भिंतीला चिकटवून ठेवलेली कपाटे यांमुळे बाष्प गार पृष्ठभागावर साचते व काळी बुरशी धरते.

हवेतील बाष्प आणि भिंतीतील पाणी यांतला फरक ओळखण्याची सोपी चाचणी आहे. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीच्या बाजूने असतील तर दोष हवेचा. भिंतीच्या बाजूने असतील तर पाणी भिंतीतूनच येत आहे. न्हाणीघराविषयी संशय असल्यास जाळी बंद करून तेथे २४ तास रंगीत पाणी साठवून ठेवण्याची चाचणी करता येते.

कारण न शोधता रंग लावणे म्हणजे पुढच्या पावसापर्यंतची मुदत विकत घेणे होय. ओल्या भिंतीवर लावलेला रंग फुगतो आणि त्याखाली बुरशी वाढतच राहते. गच्ची व बाह्य भिंतींचे काम एप्रिल-मेमध्ये उरकावे, तर आतील रंगकाम भिंत पूर्ण वाळल्यावरच करावे.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाच्या पाण्यामुळे बाहेरून होणारी गळती आणि सामाईक जलवाहिन्या यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदनिकेतील न्हाणीघर वा मोरीमुळे होणाऱ्या गळतीची जबाबदारी त्या सदनिकेच्या सभासदाची असते. नव्या प्रकल्पांत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ नुसार विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे बंधनकारक आहे. गुंतवणूकदार घर पाहावयास जात नसल्याने ही मुदत पुष्कळदा निसटते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटिशीनंतर १५ दिवसांत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असते. त्यामुळे तिला या कलमाचा थेट आधार मिळत नाही. तिचे खरे संरक्षण म्हणजे नोंदणीकृत करारातील शब्द. गळती कळविल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती व्हावी, खर्च कोणी करावा आणि घर राहण्यायोग्य न उरल्यास भाड्याचे काय, हे करारातच लिहून घ्यावे.

मालकांनीही एक हिशेब ध्यानात ठेवावा. भाड्याच्या उत्पन्नावरील प्राप्तिकरात, मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्तीवर प्रत्यक्षात कितीही खर्च झाला, तरी ती तेवढीच राहते. वर्षाकाठी त्यातील थोडा भाग भिंतींसाठी राखून ठेवणे जड नाही.

बंद घराची काळजी

कुलूपबंद सदनिकेत हवा खेळत नाही. पावसाळ्यापूर्वी मुख्य नळ बंद करावा, कपाटांची दारे किंचित उघडी ठेवावीत आणि सामान भिंतीपासून तीन-चार इंच दूर सरकवावे. मोरीच्या ट्रॅपमधील पाणी आटल्यास दुर्गंधी व झुरळे वर येतात. त्यामुळे अधूनमधून तेथे पाणी ओतावे लागते. किल्ली विश्वासू व्यक्तीकडे देऊन उघडीप असलेल्या दिवशी खिडक्या उघडण्याची व्यवस्था करावी. मेअखेर, जुलैच्या मध्यावर आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येकी एक पाहणी पुरेशी ठरते.

घर भाड्याने घेणाऱ्यांनी एकाच भिंतीला ताजा रंग दिसल्यास त्याचे कारण विचारावे, कपाटांच्या मागे आणि खिडक्यांच्या खाली हात फिरवून पाहावा व कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नये. ताबा घेताना व सोडताना उभयपक्षी तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. जानेवारीत पाहिलेले घर जुलैत कसे असेल, हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारलेला बरा.