बीएस्सी नर्सिंग : डॉक्टरांचा दाखला दिला तरी ८० टक्के हजेरी लागतेच
मुलगी टायफॉइडने तीन आठवडे घरी होती, कॉलेजात दाखला दिलाय, आता काळजी नाही, असं बरेच पालक धरून चालतात. बीएस्सी नर्सिंगला तसं चालत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रात्यक्षिकाला किमान ८० टक्के हजेरी लागते, गैरहजेरीचं कारण काहीही असो. दाखल्याने कारण खरं ठरतं, बुडालेले तास भरून येत नाहीत.

६० तासांच्या विषयाला ४८ तास हवेतच. उरलेल्या १२ तासांत ताप, गावची जत्रा, चुलतभावाचं लग्न सगळं बसवायचं. लग्नातच ते संपले तर खऱ्या आजारात पंचाईत. शिवाय हिशेब विषयवार असल्याने एका विषयात कमी पडली तरी त्या पेपरला अडतं.

वॉर्डातली ड्युटी आणखी कडक. पदवी मिळण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागात १०० टक्के हजेरी पूर्ण व्हावी लागते, म्हणजे बुडालेली ड्युटी नंतर भरून द्यावीच लागते. म्हणून काही मुली ताप अंगावर काढून वॉर्डात जातात. ते चुकीचंच; तिथले रुग्ण आधीच अशक्त असतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी कॉलेजला कळवावं, अर्जाची पोच घ्यावी आणि दर महिन्याला आपली विषयवार हजेरी विचारून वहीत लिहून ठेवावी.