एका रस्त्याची साक्ष

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. ज्या दिवशीं कोणताहि राजा मेला नाहीं, कोणताहि तह झाला नाहीं, माणसें नेहमींप्रमाणें सकाळीं कामावर गेलीं आणि संध्याकाळीं घरीं परतलीं, त्या दिवसाची नोंद बखरकार करीत नाहीं. त्याला दोष तरी कसा द्यावा? जें सर्वांना रोज दिसतें तें लिहून ठेवावें असें सहसा कोणास वाटतच नाहीं. मेकॉलेनें आपल्या इंग्लंडच्या इतिहासाचें तिसरें प्रकरण १६८५ सालच्या रस्ते, गाड्या, खाणावळी अशा विषयांना वाहिलें. आपल्याकडे गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं 'मुंबईचें वर्णन' लिहून शहराच्या रोजच्या व्यवहाराला ग्रंथांत जागा करून दिली. परंतु अशा लेखकांची गणना बोटांवर होईल. शिवाय शब्द कितीहि चित्रमय असले, तरी लेखकाच्या ध्यानांत जें आलें तेवढेंच ते सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र एक निराळाच साक्षीदार रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. १८८८ च्या आक्टोबरांत लुई ल प्रॅन्स या फ्रेंच गृहस्थानें इंग्लंडांतील लीड्स शहरच्या पुलावरील रहदारीचें हलतें चित्र घेतलें. त्यांतील जेमतेम दोन सेकंद आज शिल्लक आहेत. घोड्यांच्या गाड्या पूल ओलांडीत आहेत, पादचारी कडेनें चालले आहेत. एवढेंच त्यांत दिसतें. पुढें दोनच वर्षांनीं, १८९० च्या सप्टेंबरांत, हा संशोधक डिजों येथें आगगाडींत बसला आणि नाहींसा झाला. त्याचा पत्ता कधींच लागला नाहीं. १८९५ च्या डिसेंबरच्या २८ तारखेस ल्युमिएर बंधूंनीं पॅरिसच्या ग्रां काफेंत जीं दहा चित्रें पैसे घेऊन दाखविलीं, त्यांतहि लियों शहराच्या एका चौकांतील रहदारीचें चित्र होतेंच. पुढल्या वर्षीं ७ जुलै रोजीं त्यांचा हा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलांतहि झाला.

हे पहिले चित्रकार पुन्हां पुन्हां रस्त्याकडेच कां वळले, याचीं कारणें साधीं आहेत. यंत्राला भरपूर उजेड हवा होता आणि रस्त्यावर ऊन फुकट मिळे. चित्र हलतें आहे हीच मुळांत नवलाई होती, आणि रस्त्यावर सर्व कांहीं आपण होऊन हलत असे. तेथें नटांना पगार द्यावा लागत नसे. तिसरें कारण व्यापारी होतें. इंग्लंडांतील ब्लॅकबर्न गांवचे मिचेल आणि केन्यन हे दोघे गिरणीच्या दारांत, बाजारांत, ट्रामवर कॅमेरा लावीत; आणि मग गांवोगांवचे खेळवाले, 'या, स्वतःलाच पडद्यावर पहा' अशा आमंत्रणानें लोकांना तंबूंत ओढीत. १९९४ सालीं एका दुकानाच्या तळघरांत त्यांच्या सुमारें आठशें मूळ फिती सांपडल्या. ज्यांनीं त्या घेतल्या त्यांना इतिहास लिहावयाचा नव्हता; चार पैसे मिळवावयाचे होते. माझ्या मतें या पुराव्याचें बळ आणि त्याचा दुबळेपणा हीं दोन्ही या एकाच गोष्टींत आहेत. एक उदाहरण सविस्तर पाहूं.

अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरांत मार्केट स्ट्रीट नांवाचा रुंद, सरळ रस्ता आहे. त्याच्या टोंकाला समुद्रकांठीं फेरी बिल्डिंग ही १८९८ सालीं खुली झालेली इमारत असून तिच्या मनोऱ्यावर मोठें घड्याळ आहे. माइल्स बंधू नांवाच्या चित्रव्यावसायिकांनीं या रस्त्यावरून जाणाऱ्या केबल-ट्रामच्या अगदीं पुढल्या भागीं कॅमेरा बसविला आणि मनोऱ्याच्या दिशेनें सबंध प्रवासभर त्याचा दांडा हातानें फिरविला. सुमारें तेरा मिनिटांचें हें चित्र आहे. त्यांत कथा नाहीं, नायक नाहीं. ट्राम संथपणें पुढें सरकते, दूरचा मनोरा हळूहळू मोठा होत जातो, आणि मधल्या अवकाशांत एक सबंध शहर आपल्या अंगावर येतें. मालानें लादलेल्या घोडागाड्या, उघड्या मोटारी, सायकलस्वार, आडव्या रस्त्यांनीं येणाऱ्या ट्रामी. बहुतेक पुरुषांच्या डोक्यांवर टोप्या, स्त्रियांचे घोळदार लांब झगे. कोणी घोड्याच्या तोंडापुढून निवांतपणें रस्ता ओलांडतो, कोणी धांवत्या ट्रामपुढून उडी मारून निसटतो. अखेरीस, मनोऱ्यापाशीं, कांहीं पोरें कॅमेऱ्यापुढें येऊन चाळे करतात.

हें चित्र मीं प्रथम वर्गांत दाखविलें तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, यांत इतिहास तो कोठें आहे?" मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, हें चित्र १९०६ च्या एप्रिलांत घेतलेलें आहे. त्या महिन्याच्या १८ तारखेस पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनीं त्या शहरास भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. त्यामागून लागलेल्या आगी तीन दिवस धुमसत राहिल्या. २८ हजारांवर इमारती नष्ट झाल्या, आणि सुमारें चार लाखांच्या वस्तींतील निम्म्याहून अधिक माणसें बेघर झालीं. चित्रांत ट्रामच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या इमारतींपैकीं बहुतेक त्या आठवड्याअखेर राख होऊन पडल्या होत्या. माइल्स बंधूंची त्याच रस्त्यावरील चित्रशाळाहि गेली. फिल्म वांचली ती केवळ आदल्याच दिवशीं आगगाडीनें न्यूयॉर्कला रवाना झाली होती म्हणून. वर्गांत शांतता पसरली. चित्र पुन्हां लावलें, तेव्हां कोणी मनोऱ्याकडे पाहिना. सर्वांचे डोळे माणसांच्या चेहऱ्यांवर खिळले होते.

पण वाचकहो, ही तारीख आपल्याला ठाऊक झाली कशी? फिल्मवर ती लिहिलेली नाहीं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या नोंदींत पुष्कळ वर्षें हें चित्र १९०५ च्या सप्टेंबरांतील म्हणून मानलें गेलें. डेव्हिड कीन या मूकपटांच्या अभ्यासकाला रस्त्यावर सांचलेल्या पाण्याचीं डबकीं दिसलीं, आणि त्याच्या मनांत शंका आली. त्यानें जुन्या वर्तमानपत्रांतील हवामानाच्या नोंदी चाळल्या. १९०५ च्या त्या कोरड्या दिवसांत इतका पाऊस झालाच नव्हता. मग त्यानें मोटारींवरील नंबरांच्या पाट्या वाचून सरकारी नोंदींशीं ताडून पाहिल्या. एक मोटार १९०६ च्या आरंभीं नोंदलेली निघाली. अशा एकेक धाग्यानें चित्राचा काळ भूकंपापूर्वीच्या थोड्या दिवसांवर येऊन ठेपला, आणि आतां तें धक्क्याच्या अवघे चार दिवस आधीं घेतलें असावें असें मानतात. माइल्स बंधूंनीं डबकीं मुद्दाम टिपलीं नव्हतीं. तीं वाटेंत होतीं म्हणून आलीं. जें दाखविण्याचा कोणाचा हेतु नव्हता, तेंच सर्वांत खरें बोललें.

याच्या उलट मोटारींची गोष्ट. चित्र पाहणारास प्रथम वाटतें कीं, १९०६ सालींच हें शहर मोटारींनीं गजबजून गेलें होतें. नीट पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, त्याच त्या मोटारी पुनःपुन्हां येत आहेत; ट्रामला वळसा घालून त्या कॅमेऱ्यापुढें परत शिरतात. रस्ता भरगच्च आणि आधुनिक दिसावा म्हणून चित्र घेणारांनींच ही योजना केली असावी, असा तर्क आहे. या चित्रावरून जो मोटारींची संख्या काढील तो फसेल. डबकीं न बोलावतां आलेले साक्षीदार आहेत. मोटारी मात्र पढवून उभ्या केल्यासारख्या दिसतात. दोहोंची उलटतपासणी सारखीच कसून केली, तरच त्यांतला फरक कळतो. आपले इतिहाससंशोधक कागदाची अस्सल-नक्कल पारखण्यांत उभी हयात घालवितात. मग हलत्या चित्रापुढें येतांच आपण 'डोळ्यांनीं पाहिलें' म्हणून शस्त्रें खालीं कां ठेवावीं?

आणखीहि दोन फसव्या वाटा सांगून ठेवल्या पाहिजेत. जुन्या चित्रांतील माणसें तुरुतुरु धांवल्यासारखीं चालतात, म्हणून आपण हंसतों. तीं तशीं चालत नव्हतीं. त्या काळीं हातानें फिरविलेल्या कॅमेऱ्यांत सेकंदाला साधारण सोळा चित्रें उमटत. पुढें बोलपटाचीं यंत्रें सेकंदाला चोवीस चित्रांच्या ठराविक वेगानें चालूं लागलीं, आणि जुन्या फिती त्यांवर चढवितांच माणसांची चाल दीडपट झाली. दुसरी वाट अगदीं अलीकडची. संगणकाच्या साहाय्यानें या जुन्या चित्रांना रंग देतात, दोन चित्रांच्या मधलीं नसलेलीं चित्रें भरून काढतात, वर गाड्यांचा खडखडाटहि जोडून देतात. पाहतांना मौज वाटते खरी. पण त्या बाईचा झगा निळा होता हें सांगणारा आज कोणी नाहीं. तो निळा रंग आजच्या यंत्राचा अंदाज आहे. फाटलेल्या दस्तऐवजांतील गाळलेल्या ओळी स्वतः लिहून काढणाऱ्या कारकुनाला आपण जें नांव देतों, तें येथें द्यावयास कां कचरावें?

इतकी पारख करूनहि जें उरतें तें थोडें नाहीं. या तेरा मिनिटांत एकहि रंगीत दिवा माणसाला थांब म्हणत नाहीं. विजेवर चालणारे रहदारीचे दिवे अमेरिकेंत क्लीव्हलंड शहरांत लागले ते १९१४ च्या आगस्टांत. तोंपर्यंत रस्ता सर्वांचा होता. चालणाऱ्यानें कोठूनहि कसेंहि ओलांडावें, गाडीवानानें त्याला सांभाळून न्यावें, अशी ती रीत होती. पुढल्या वीस वर्षांत मोटारी वाढल्या, त्यांखालीं माणसें मरूं लागलीं, आणि रस्ता कोणाचा या वादांत चालणारा हरला. त्याला कडेच्या फरसबंदीवर घालविण्यांत आलें आणि वाटेल तेथें ओलांडणें हा त्याचा गुन्हा ठरला. हा बदल कोणत्याहि तहाच्या कागदांत सांपडणार नाहीं. पण मार्केट स्ट्रीटवरील प्रत्येक पावलांत त्याच्या आधीचें जग जिवंत आहे.

आणखी एक गोष्ट उरते, आणि मला तरी तीच सर्वांत मोठी वाटते. भूकंपांत मेलेल्यांचा त्या वेळचा अधिकृत आकडा पांचशेंच्याहि आंत होता. पुढें कित्येक दशकांनीं संशोधकांनीं नोंदी धुंडाळून तो तीन हजारांच्या घरांत नेला. म्हणजे मेलेल्यांपैकीं बहुतेकांची त्या काळीं गणतीच झाली नाहीं. चित्रांतील माणसांपैकीं कोण वांचला आणि कोण गेला, हें फिल्म सांगत नाहीं. परंतु ज्या सामान्य जनांना कागदानें मोजलें नाहीं, त्यांच्यासारख्यांचें चालणें, वळून पाहणें, हंसणें या एका फितीनें जपून ठेवलें आहे. माइल्स बंधूंनीं भूकंपानंतरहि त्याच रस्त्याचें चित्र घेतलें होतें. त्याची नऊ मिनिटांची फीत जुन्या बाजारांत सांपडून २०१८ सालीं पुन्हां लोकांपुढें आली. एकामागून एक दोन्ही पाहिलीं म्हणजे ओसाड भिंतींपेक्षां पहिल्या चित्रांतील गर्दीच अधिक अस्वस्थ करते.

आपल्याकडे काय उरलें, हा प्रश्न मग टाळतां येत नाहीं. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें झालेल्या कुस्तीचें, आणि १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें हलतें चित्र घेतलें. त्या स्वागतास किती मुंबईकरांचे चेहरे त्या फितीवर उमटले असतील! आज त्यांतलें कांहीं उपलब्ध नाहीं. ९ मे १८७४ रोजीं सुरू झालेली मुंबईची घोड्याची ट्राम, ७ मे १९०७ रोजीं आलेली विजेची ट्राम, ३१ मार्च १९६४ ची तिची शेवटची फेरी, या तारखा आपणांस पाठ आहेत; पण घोड्याच्या ट्रामपुढून एखादा मुंबईकर कसा आडवा जात असे, हें तारीख सांगत नाहीं. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते आणि न पेटतांहि कुजून जाते. तिला थंड जागा आणि जपणारा माणूस लागतो. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तोंपर्यंत फार उशीर झाला होता.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावरच्या ट्रंकेंत वडिलांनीं किंवा आजोबांनीं घेतलेल्या लहान फिती पडून असतील. त्यांत लग्न असेल, मुंज असेल. त्यांच्या मागें, कोणी न पाहिलेला, एक रस्ताहि असेल. ट्रंक रद्दींत देण्यापूर्वीं तो एकदां पहावा. त्यावर सांचलेल्या डबक्यानें काय सांगितलें असतें, हें आज आपल्याला कळत नसेल. विचारणारा पुढें केव्हां तरी येईल, तेव्हां तें शिल्लक असलें पाहिजे.