सर्किटचं चित्र आणि त्याची किल्ली

मागच्या व्याख्यानानंतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने आम्हाला दारातच गाठलं. म्हणाली, "सर, सर्किट काढायला आणि बोर्ड डिझाइन करायला कोणतं सॉफ्टवेअर शिकू? ईगल की कीकॅड?" आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. सोल्डरिंग आयर्न हातात धरला तो घरचा रेडिओ बिघडवण्यापुरताच. तिला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की या सॉफ्टवेअरांचा इतिहास म्हणजे एका जुन्याच प्रश्नाचा इतिहास आहे: मी काढलेलं चित्र माझं केव्हा असतं?

आधी काम काय ते पाहू. इथे दोन चित्रं असतात. पहिलं स्कीमॅटिक. ते फक्त संबंध सांगतं, म्हणजे हा रेझिस्टर त्या ट्रान्झिस्टरच्या अमुक पायाला जोडलेला आहे, एवढंच. दुसरं बोर्डाचं चित्र. ते जागा सांगतं: तो रेझिस्टर कुठे बसेल, तांब्याचा ट्रॅक कुठून जाईल, किती रुंद असेल. दोन्हींना बांधून ठेवणारी जोडण्यांची यादी म्हणजे नेटलिस्ट. स्कीमॅटिकमध्ये जे जोडलंय तेच बोर्डावर जोडलं गेलंय ना, हे सॉफ्टवेअर या यादीवरून तपासतं.

पूर्वी ते माणूस तपासत असे. छापील सर्किटचा मोठा प्रवर्तक पॉल आयस्लर, व्हिएन्नाचा ज्यू अभियंता, 1936 मध्ये इंग्लंडला आला. पुढे अनेक दशकं बोर्डाची मूळ प्रत हातानेच बनत राहिली. पारदर्शक मायलर फिल्मवर काळी चिकटपट्टी, पॅडसाठी तयार गोल चकत्या, हातात धारदार पातं. चित्र दुप्पट किंवा चौपट मोठं काढायचं आणि फोटोने लहान करायचं. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर एकाच फिल्मवर लाल आणि निळी पट्टी, आणि फोटो काढताना रंगीत गाळणी लावून एकेक बाजू वेगळी करायची. काम किचकट, उन्हाळ्यात पट्टी सरकली की सगळं मुसळ केरात. पण एक गोष्ट नोंदवून ठेवा. ती फिल्म कपाटातून तीस वर्षांनी काढली तरी वाचता येत असे. त्यासाठी डोळे पुरत, परवाना लागत नसे.

मग संगणक आला. 1981 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मेंटर ग्राफिक्स सुरू झाली. तिची यंत्रणा महागड्या वर्कस्टेशनवर चाले, म्हणजे ती मोठ्या कंपन्यांसाठी. 1985 मध्ये त्याच ओरेगॉनात ऑरकॅड आणि दूर टास्मानियात प्रोटेल निघाल्या. या दोघींनी हे काम साध्या पीसीवर आणलं. प्रोटेल म्हणजेच आजची अल्टियम.

आम्हाला रेंगाळायचंय ते ईगलपाशी. 1988 मध्ये जर्मनीतल्या कॅडसॉफ्ट या छोट्या कंपनीने ते काढलं. नाव गरुडाचं वाटतं, पण ती जर्मन शब्दांची आद्याक्षरं आहेत; अर्थ साधारण "वापरायला सोपा, चित्ररूप लेआउट संपादक" असा. त्याची एक आवृत्ती फुकट मिळे: दोन लेयर, आणि बोर्ड 100 गुणिले 80 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे अर्धं युरोकार्ड. विद्यार्थ्याला आणि हौशी माणसाला तेवढं पुष्कळ होतं. म्हणून एक पिढी ईगलवर वाढली. आर्डुइनोसारख्या बोर्डांची मूळ चित्रंसुद्धा लोकांना ईगलच्या फाइलींच्या रूपात मिळाली.

2009 मध्ये कॅडसॉफ्ट फार्नेल समूहाकडे गेली. 2016 मध्ये ईगल ऑटोडेस्कने घेतलं. 2017 च्या सुरुवातीला नियम बदलला: आता एकदाच पैसे भरून कायमचा परवाना मिळणार नाही, वर्गणी भरावी लागेल. आणि 2023 च्या जूनमध्ये जाहीर झालं की 7 जून 2026 ला ईगल बंद होईल. त्याचं काम फ्यूजन या मोठ्या पॅकेजात चालू राहील. कंपनीने काही बेकायदा केलं असं आम्ही म्हणत नाही. धंद्यात हे चालतंच. पण पंधरा वर्षं ज्याने आपली चित्रं त्या एका पेटीत ठेवली, त्याला एका सकाळी कळलं की पेटी आपली असली तरी किल्ली आपली नव्हती.

हे दुःख मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आम्ही स्वतः नव्वदच्या दशकात व्याख्यानांची टिपणं एका डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करून घेतली होती. युनिकोड तेव्हा आपल्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. प्रत्येक फॉन्टवाल्याचं सांकेतिक कोष्टक निराळं. आज त्या फाइली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. अक्षर न् अक्षर आम्ही लिहिलेलं, आणि आम्हालाच वाचता येत नाही. शेवटी जुन्या छापील प्रतींवरून पुन्हा टाइप करावं लागलं.

ईगलच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी घडली होती. सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2012 च्या आसपास, कॅडसॉफ्टने फाइलीचं स्वरूप बदललं. आधीची बायनरी फाइल सोडून एक्सएमएल आणलं, आणि रचनेचं वर्णन खुलं ठेवलं. म्हणजे फाइल साध्या मजकुराच्या संपादकात उघडली तरी कुठला ट्रॅक कुठून कुठे गेलाय ते वाचता येतं. पुढे मालकी बदलली तेव्हा हाच निर्णय लोकांच्या कामी आला, कारण दुसऱ्यांना त्या फाइली वाचणारं साधन लिहिता आलं.

इथे कुणी म्हणेल, कारखान्याला तर गर्बर फाइल द्यायची असते, ती खुलीच असते ना? बरोबर. जोसेफ गर्बर हाही व्हिएन्नाचाच, तोही नाझींपासून सुटून अमेरिकेत पोचलेला. त्याच्या कंपनीच्या फोटोप्लॉटरसाठी बनलेली ती भाषा जगभरातले पीसीबी कारखाने आजही वाचतात. पण गर्बर म्हणजे छापून आलेलं पान. त्यात तांबं कुठे आहे ते कळतं. ते तिथे का आहे, हे सांगणारं स्कीमॅटिक त्यात नसतं. गर्बरवरून बोर्ड पुन्हा छापून घेता येईल, पण त्यात एक सुधारणा करायची म्हटली तर मूळ फाइलच लागते.

आता कीकॅड. 1992 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या जाँ-पियेर शारास या प्राध्यापकाने ते सुरू केलं. कित्येक वर्षं ते ओबडधोबडच होतं. व्यावसायिक माणूस त्याकडे पाहून हसायचा, आणि त्याचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. वळण आलं ते जिनेव्हाच्या सर्नमुळे. तिथले अभियंते आपल्या बोर्डांची डिझाइनं सगळ्यांसाठी खुली करत होते, पण ती उघडायला महागडं सॉफ्टवेअर लागे. दार उघडं, आणि आत यायला तिकीट! म्हणून गेल्या दशकात सर्नने कीकॅडच्या विकासात माणसं आणि पैसा घातला. ट्रॅक ओढताना वाटेतले ट्रॅक आपोआप बाजूला सरकवणारा राउटर तिथूनच आला. 2018 च्या पाचव्या आवृत्तीत ईगलचे प्रकल्प आत घेण्याची सोयही आली.

फुकट आणि मुक्त यांत आपण नेहमी गल्लत करतो. अर्ध्या युरोकार्डाचं ईगल फुकट होतं, मुक्त नव्हतं. कीकॅडची मूळ संहिताच खुली आहे. उद्या ते चालवणारी मंडळी थकली तरी दुसऱ्या कुणाला ते पुढे नेता येईल. अर्थात तिथेही सगळं गोड नाही. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आणि नोकरीत कंपनी अल्टियम किंवा कॅडन्स वापरत असेल तर तेच शिकावं लागेल, तिथे तत्त्वज्ञान सांगत बसू नये. अतिवेगवान सिग्नलच्या, पुष्कळ लेयरच्या बोर्डांसाठी त्या पॅकेजांना किंमत आहे ती उगाच नाही.

त्या मुलीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सर, पण माझा प्रकल्प निम्मा ईगलमध्ये झालाय. आणि आमच्या सीनियरनी दिलेली फाइल तर त्याहून जुनी, पाचव्या आवृत्तीतली आहे." म्हणजे नेमकी बायनरी. मग ठरलं ते असं: ईगल हाताशी आहे तोवर ती जुनी फाइल नव्या ईगलमध्ये उघडून पुन्हा जतन करायची, म्हणजे ती एक्सएमएल होईल. मग प्रकल्प कीकॅडमध्ये आणायचा, नियमांची तपासणी चालवायची, आणि दोन्हींकडून गर्बर काढून एकावर एक ठेवून पाहायचं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ट्रॅक सगळे जुळले होते, फक्त एका कनेक्टरच्या फूटप्रिंटमधली भोकं तिला तपासून पाहायची होती.