एन्नोरची लोकल आणि हृदयाच्या धमन्या

आज आपण चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला आहोत. इथे कोसस्थलैयार नदीची खाडी आहे, औष्णिक वीजकेंद्रांचा परिसर आहे आणि गुम्मिडीपूंडीकडे धावणारी लोकल आहे. या रेल्वेचा आपल्या हृदयाच्या धमन्यांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि त्याचं एक टोक मुंबईत आहे.

1960 च्या दशकात डॉ. एस. एल. मल्होत्रा मुंबईला पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. त्या काळी जगभर एकच चर्चा होती: प्राण्यांची चरबी, लोणी, तूप खाल्लं की धमन्या तुंबतात. मल्होत्रांच्या हाती मात्र एक वेगळंच साधन होतं, रेल्वेचं दफ्तर! देशभर कर्मचाऱ्यांच्या श्रेणी सारख्या, दवाखाना रेल्वेचा, आणि नोकरीत असताना कोणी गेला तर त्याची नोंद पक्की. अकरा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या 1958 ते 1962 या पाच वर्षांतल्या नोंदी त्यांनी तपासल्या.

निष्कर्ष 1967 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आले. दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेच्या सुमारे सातपट होते. आणि उत्तरेकडची माणसं तूप-दूध कितीतरी जास्त खात होती, धूम्रपानही जास्त करत होती! हे मृत्यू पंचावन्नच्या आतल्या, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसांचे होते, हे विसरू नका.

मग तूप निर्दोष ठरलं का? नाही. इथे घाई करायची नाही. दोन प्रदेशांची तुलना केली म्हणून एकेका माणसाच्या आजाराचं कारण सिद्ध होत नाही. मल्होत्रांनी जेवणाची पद्धत, चावून खाणं, दही-ताक यांकडे बोट दाखवलं; तोही अंदाजच होता. पण एकाच कारणावर सगळा दोष टाकता येत नाही, हे त्यांच्या आकड्यांनी दाखवलं.

आता उपचार. एन्नोरपासून फार लांब नाही, असं पेरांबूरचं रेल्वे रुग्णालय. 1967 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून, तुंबलेल्या भागाला वळसा घालणारी वाट रक्ताला करून दिली. आठच वर्षांनी, 1975 साली, डॉ. के. एम. चेरियन यांनी पेरांबूरला भारतातली पहिली बायपास केली. मोठ्या खाजगी इस्पितळात नव्हे, रेल्वेच्या दवाखान्यात!

पण बायपासने वाट नवी होते, आजार जात नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला आता हवेतली बारीक धूळही आली आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2004 साली आणि पुन्हा 2010 साली तिचा हृदयविकाराशी असलेला संबंध मांडला. कोळसा जाळणाऱ्या एन्नोरसारख्या भागाला ही गोष्ट दूरची नाही. जेवणाचं ताट माणूस स्वतः बदलू शकतो, श्वासाची हवा एकट्याने बदलता येत नाही.

मल्होत्रांना उत्तर पूर्ण सापडलं नाही. पण प्रश्न विचारता आला, कारण कुणीतरी प्रत्येक मृत्यूची नोंद नीट ठेवली होती. तुमच्या घरातही वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाची, साखरेची एक वही असू द्या. आणि छातीत दुखलं तर 'गॅस असेल' म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

भेटू पुढच्या भागात.