कुलाबा जिल्हा लोकल बोर्ड आणि आपले पाणी

आपल्या विहारात येणारी कितीतरी कुटुंबे मूळची महाड, पोलादपूर, माणगावकडची. तरुण मुलांना जिल्हा विचारला की ती रायगड सांगतात. बरोबरच आहे. पण १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता, आणि तिथल्या खेड्यापाड्यांचा कारभार एकेकाळी जिल्हा लोकल बोर्ड पाहायचे. ते बोर्ड गेले, पण त्याचा हिशेब आपण विसरता कामा नये.

१८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी, धर्मशाळा ही त्यांची कामे. पैसा कुठला? शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल व्हायचा. म्हणजे पैसा राबणाऱ्या जनतेचाच. तरीही विहिरीवर आपली आयाबहिणी रिकामी घागर घेऊन लांब उभी. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतणार!

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला. सरकारी पैशाने बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पण ठराव कागदावरच राहिला. म्हणून १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड अंमल करणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करा.

महाड नगरपालिकेने १९२४ सालीच तळे खुले केले होते, तेही कागदावर. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. तिचे नावच कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. बाबासाहेब ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कागदावरचा ठराव जिवंत झाला. आपल्या माणसांनी त्यासाठी डोकी फोडून घेतली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

१ मे १९६२ पासून लोकल बोर्डाच्या जागी जिल्हा परिषद आली. १९९३ पासून घटनेनेच पंचायतीत आपल्या राखीव जागा ठरल्या. आता आपली माणसे, आपल्या भगिनी तिथे बसतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे : ठराव पास झाला म्हणून टाळ्या वाजवू नका. गावात जाऊन नळाला पाणी आले का, ते बघा.

जय भीम!